स्ट्राइक झोन : प्लेटमागे उभा राहणारा अंपायर नेमकं काय बघतो?

गोदाकाठ

टीव्हीवर बेसबॉलचा सामना बघताना होम प्लेटवर जी चौकट दिसते, ती मैदानावरच्या अंपायरला दिसत नाही. त्याच्यापुढे असते जमिनीत बसवलेली पांढरी रबरी प्लेट, शेजारी उभा बॅटर आणि मध्ये बसलेला, चेंडू पकडणारा कॅचर. बाकी सगळं त्याला मनातच आखावं लागतं, तेही प्रत्येक बॅटरसाठी नव्याने. इथे आपली मंडळी सामना बघायला जमली की "आंधळा आहे का हा अंपायर" असं कुणीतरी ओरडतंच. म्हणून हा धागा. न्यू जर्सीत आमच्या गावच्या लिटल लीगमध्ये मी मुलांच्या सामन्यांना प्लेटमागे उभा राहतो. हे काम मला मनापासून आवडतं आणि ते किती अवघड आहे हे लोकांना कळावं असं वाटतं.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिचरने टाकलेल्या चेंडूवर बॅटरने बॅट फिरवलीच नाही, तर निर्णय अंपायरचा. चेंडू स्ट्राइक झोनमधून गेला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस (धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरचा पहिला थांबा) बहाल. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून तीनशेच्या आसपास चेंडू पडतात आणि त्यातल्या साधारण निम्म्यांवर बॅट फिरत नाही. हे सगळे निर्णय एकट्या प्लेट अंपायरचे.

आता झोन. रुंदी प्लेटएवढी, म्हणजे १७ इंच. वरची हद्द बॅटरच्या खांद्याचा वरचा भाग आणि पँटचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर. खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखालचा खळगा. आणि हे सगळं बॅटर ताठ उभा असताना मोजायचं नाही. चेंडू मारायच्या पवित्र्यात तो जसा असतो, तसा मोजायचा. शिवाय प्लेट पाचकोनी आहे आणि तिला पुढून मागे खोलीही १७ इंचांचीच आहे. त्यामुळे खरा झोन म्हणजे प्लेटवर उभा असलेला पाच बाजूंचा अदृश्य खांब. चेंडूचा कुठलाही भाग त्या खांबाला कुठेही स्पर्शून गेला तरी स्ट्राइक. चेंडूचा व्यास तीन इंचांना थोडा कमी, म्हणून चेंडूचा मध्य जवळजवळ २० इंचांच्या पट्ट्यात कुठेही असला तरी रुंदीच्या दृष्टीने तो स्ट्राइकच ठरतो.

पिचरचा रबर, म्हणजे तो ज्या पट्टीला पाय लावून चेंडू टाकतो ती, प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात चेंडूला ५५ फुटांच्या आसपासच अंतर कापायचं असतं. ताशी ९५ मैलांचा चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. तेवढ्यात चेंडू वळतो, बुडतो, आणि शेवटच्या काही फुटांत डोळ्यांना त्याच्याबरोबर राहणं फार कठीण जातं.

म्हणूनच अंपायरचं अर्धं काम चेंडू सुटण्याआधी होतं. उभं राहायची जागा ठरलेली असते, तिला इथे 'स्लॉट' म्हणतात. कॅचर आणि बॅटर यांच्यामधली ती फट. नाक साधारण प्लेटच्या आतल्या कडेवर, म्हणजे बॅटरकडच्या. हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या वरच्या पातळीला. उजव्या हाताचा बॅटर गेला आणि डावखुरा आला की अंपायरही दुसऱ्या बाजूच्या फटीत सरकतो. डोकं अजिबात हलवायचं नाही, फक्त डोळे चेंडूबरोबर ग्लोव्हपर्यंत न्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई करायची नाही. चेंडू ग्लोव्हमध्ये जाऊ द्यायचा, त्याचा सगळा मार्ग मनात पुन्हा एकदा बघायचा आणि मग हात उचलायचा. नवखा अंपायर हमखास चुकतो तो इथे. चेंडू अर्ध्या वाटेत असतानाच त्याने मनाशी ठरवलेलं असतं, आणि चेंडू शेवटच्या क्षणी वळला की निर्णय बदलायला वेळ उरत नाही.

तुम्हाला या निर्णयांबद्दल काय वाटतं? प्रश्न असतील तर जरूर विचारा, जमेल तसं लिहीन.

---

चिन्मयी_ऑस्टिन

फार छान लिहिलंय. मला कायम पडणारा प्रश्न: कर्व्हबॉल (वळत खाली येणारा चेंडू) कॅचरने जवळजवळ जमिनीलगत पकडलेला असतो आणि तरी अंपायर स्ट्राइक देतो. घरी सगळे ओरडतात. हे बरोबर कसं?

---

तिसरा_बेस

चिन्मयी, चेंडू कॅचरने कुठे पकडला याला नियमात काहीच महत्त्व नाही. तो प्लेटवरून जाताना कुठे होता, एवढंच बघायचं. कर्व्हबॉल प्लेटपाशी येतो तेव्हा तो चांगलाच तिरका खाली येत असतो. प्लेटच्या पुढच्या कडेवर तो गुडघ्याच्या उंचीवर असेल तर झोनला शिवला, स्ट्राइक झाला. त्यानंतर ग्लोव्ह आणखी काही फूट मागे असतो आणि तेवढ्या अंतरात तो सहज अर्धा फूट खाली येतो. म्हणून पाहणाऱ्याला तो 'खालचा' वाटतो.

वरच्या बाजूला याच्या उलट होतं. पुढच्या कडेवर झोनच्या थोडा वर असलेला कर्व्हबॉल मागच्या टोकाशी झोनमध्ये उतरू शकतो. नियमाप्रमाणे तोही स्ट्राइक, पण बॅटरला तो डोळ्यांच्या पातळीवरून आल्यासारखा वाटतो आणि अंपायरलाही तो द्यायला धीर लागतो.

टीव्हीच्या चौकटीबद्दल आणखी एक. मुख्य कॅमेरा सेंटर फील्डमध्ये असतो, पण पिचरची पाठ आड येऊ नये म्हणून तो सरळ रेषेत न ठेवता बाजूला ठेवलेला असतो. त्यामुळे चित्र तिरकं येतं आणि कडेवरचे चेंडू फसवे दिसतात. चौकट सपाट असते, झोन सपाट नाही. ती बघून अंपायरला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

---

सातारकर

मी क्रिकेटवाला माणूस, बेसबॉल मुलामुळे बघायला लागलो. हे सगळं वाचताना एलबीडब्ल्यूची आठवण येते. तिथेही अंपायरला जे घडलंच नाही त्याचा अंदाज बांधावा लागतो. इथे निदान चेंडू खरोखर प्लेटवरून गेलेला असतो. मग सरळ यंत्राला का विचारत नाहीत? क्रिकेटमध्ये डीआरएस येऊन किती वर्षं झाली.

---

रानवारा

सातारकर, यंत्राकडे येऊ, पण आधी थोडा इतिहास सांगतो, कारण झोन ही कधीच स्थिर गोष्ट नव्हती.

१८८७ च्या आधी बॅटर स्वतः सांगायचा की मला उंच चेंडू हवा की खालचा, आणि पिचरला तसा टाकावा लागायचा. ते बंद झालं आणि सगळ्यांना एकच झोन आला. १९५० मध्ये तो काखेपासून गुडघ्याच्या वरच्या भागापर्यंत ठरला. १९६३ मध्ये तो वाढवून खांद्याच्या वरपासून गुडघ्याच्या खालपर्यंत केला आणि पिचर लोकांचं राज्य सुरू झालं. १९६८ चे आकडे बघा. सेंट लुईसचा पिचर बॉब गिब्सन, त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा) १.१२. मेजर लीगच्या दोन गटांपैकी अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये (दुसरा गट नॅशनल लीग) फक्त एकाच बॅटरची बॅटिंग सरासरी .३०० च्या वर, कार्ल यास्त्रेम्स्की, तीही .३०१. शेवटी १९६९ मध्ये झोन पुन्हा लहान केला आणि पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. १९८८ मध्ये वरची हद्द खांदा आणि पँट यांच्या मध्यावर आली, आणि १९९६ मध्ये खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखाली गेली. आजचा नियम तोच.

पण माझ्या मते यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट नियमाच्या पुस्तकात नाही. अमेरिकन लीगचे अंपायर पूर्वी छातीपुढे हवा भरलेलं मोठं ढालीसारखं पॅड धरायचे. ते घेऊन कॅचरच्या खांद्याशी वाकून फटीत शिरता येत नसे, म्हणून ते कॅचरच्या डोक्यावरून बघायचे. नॅशनल लीगचे अंपायर शर्टाच्या आत पॅड घालायचे आणि स्लॉटमध्ये खाली वाकायचे. परिणाम असा की अमेरिकन लीगमध्ये उंच स्ट्राइक मिळायचे आणि नॅशनल लीगमध्ये खालचे. नियम एकच, पण डोळा कुठे आहे त्यावर झोन ठरायचा! १९७७ पासून अमेरिकन लीगच्या नव्या अंपायरांना आतलं पॅड सक्तीचं झालं, जुन्यांना मात्र मुभा होती. बाहेरचं पॅड वापरणारा शेवटचा अंपायर १९८५ मध्ये निवृत्त झाला.

गोदाकाठ यांनी डोळ्याच्या उंचीबद्दल लिहिलंय ते म्हणूनच मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

---

गोदाकाठ

रानवारा, पॅडचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, बरं झालं लिहिलंत.

त्यालाच जोडून. स्लॉटमध्ये उभं राहिलं की आतली कडा, म्हणजे बॅटरच्या बाजूची, छान दिसते. सगळ्यात अवघड जातो तो बाहेरचा खालचा कोपरा. तो डोळ्यांपासून सगळ्यात लांब आणि कॅचरचा खांदा नाहीतर ग्लोव्ह नेमका आड येतो. हल्ली कॅचर एक गुडघा टेकवून बसतात, त्यामुळे खालचा चेंडू थोडा बरा दिसतो. पण कॅचर ऐन वेळी आत सरकला, की अंपायरची फट बंद होते आणि त्याला वर किंवा बाहेर सरकून बघावं लागतं. अशा वेळी जे दिसत नाही ते दिसल्याचा आव आणायचा नाही. चेंडूचा सुरुवातीचा मार्ग, तो कुठे पकडला गेला, कॅचरचा हात कुठल्या दिशेने गेला, या सगळ्यावरून मधला तुकडा जोडायचा. अनुभव म्हणजे हे जोडणं अधिकाधिक अचूक होत जाणं.

---

अबोली

कॅचरच्या हाताचा विषय निघाला म्हणून विचारते. कडेवरचा चेंडू पकडून ग्लोव्ह हळूच आत आणतात त्याला फ्रेमिंग म्हणतात ना? मला ती सरळ सरळ फसवणूक वाटते. अंपायरला चुकीचं दाखवून स्ट्राइक मिळवायचा. मुलांना आपण हेच शिकवायचं का?

---

तिसरा_बेस

अबोली, मी शाळेपासून कॅचर म्हणून खेळलो आहे, तेव्हा याबद्दल मनापासून सांगतो. चांगलं फ्रेमिंग म्हणजे चेंडू ओढून आणणं नव्हे. ओढलेला चेंडू अंपायरला लगेच कळतो आणि तो उलट बॉल देतो. स्ट्राइक असलेला चेंडू स्ट्राइकसारखा पकडणं, हे त्यातलं मुख्य. खालचा चेंडू वरून झडप घालून पकडला तर ग्लोव्ह आणखी खाली जातो आणि चांगला स्ट्राइकही बॉल दिसतो. हात आधी खाली नेऊन, खालून वर येत पकडला तर तो जिथे होता तिथे दिसतो. पिचरने मेहनतीने टाकलेला चेंडू हातातून जाऊ न देणं ही कॅचरची जबाबदारी आहे.

२००७-०८ च्या सुमाराला सगळ्या मैदानांवर चेंडूचा मार्ग मोजणारी पिचएफएक्स ही कॅमेऱ्यांची यंत्रणा आली, आणि मग कुठल्या कॅचरला कडेवरचे स्ट्राइक जास्त मिळतात हे मोजता आलं. तेव्हा कळलं की चांगला आणि वाईट कॅचर यांच्यातला फरक वर्षभरात कितीतरी धावांचा असतो. होसे मोलिना हा बॅटने फार काही न करणारा कॅचर, पण यात इतका तरबेज की संघ त्याला त्यासाठी घ्यायचे. अलीकडे सॅन फ्रान्सिस्कोचा पॅट्रिक बेली बघा. हात बघत राहावे असे आहेत.

---

अबोली

समजलं, पण पटलं नाही. स्ट्राइक नसलेल्या चेंडूंवरही त्यांना स्ट्राइक मिळतात, हे त्याच मोजणीतून दिसलं ना? तो स्ट्राइक बॅटरच्या खिशातून जातो. त्या बॅटरने बॅट न फिरवण्याचा निर्णय बरोबर घेतला होता आणि शिक्षा त्यालाच.

---

रानवारा

अबोली यांचा मुद्दा मला रास्त वाटतो. बॅटरवर अन्याय होतो, आणि तो फक्त कॅचरमुळे नाही.

चेंडू मोजायला लागल्यापासून काही गोष्टी वारंवार सिद्ध झाल्या आहेत. तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक असताना अंपायरचा झोन मोठा होतो. शून्य बॉल आणि दोन स्ट्राइक असताना तोच झोन बराच आक्रसतो. म्हणजे ज्या निर्णयाने बॅटर बाद होईल किंवा त्याला बेस मिळेल, असा निर्णय देताना हात अडखळतो. दुसरं, लागोपाठ दोन स्ट्राइक दिले असतील तर तिसऱ्या कडेवरच्या चेंडूवर स्ट्राइक मिळायची शक्यता थोडी कमी होते. मनाला वाटतं की आता पुरे. तिसरं, डावखुऱ्या बॅटरच्या बाहेरच्या बाजूला प्लेटपलीकडचे चेंडूही स्ट्राइक म्हणून दिले जायचे. ते इतकं सर्रास होतं की त्याला 'लेफ्टी स्ट्राइक' असं नावच पडलं होतं.

हे अंपायर मुद्दाम करत नाहीत. अर्ध्या सेकंदात, अर्धवट दिसलेल्या गोष्टीबद्दल ठरवताना कुठलंही माणसाचं मन आजूबाजूच्या माहितीचा आधार घेतंच. पण बॅटरला त्याने काय फरक पडतो?

टोकाचं उदाहरण १२ ऑक्टोबर १९९७ चं. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना, फ्लोरिडा विरुद्ध अटलांटा. प्लेटमागे एरिक ग्रेग. लिवान हर्नांडेझने १५ बॅटर स्ट्राइकआउट केले आणि फ्लोरिडाने सामना २-१ ने जिंकला. त्या दिवशीचे बाहेरचे स्ट्राइक आज बघितले तरी जीव हळहळतो. फ्रेड मॅकग्रिफला दिलेला शेवटचा स्ट्राइक तर बॅटच्याही आवाक्याबाहेर वाटतो. अटलांटाकडे त्या वेळी काहीही उपाय नव्हता.

---

गोदाकाठ

तो सामना मीही पाहिला आहे आणि त्याचं समर्थन करणार नाही. पण त्यानंतर काय झालं तेही सांगायला हवं. २००१ पासून काही मैदानांवर क्वेसटेक नावाची कॅमेरा यंत्रणा अंपायरांचे निर्णय तपासू लागली. तिच्यावर राग एवढा की २००३ मध्ये ॲरिझोनाच्या कर्ट शिलिंगने तिचा एक कॅमेरा फोडला होता. त्यानंतर पिचएफएक्स आलं, २०१५ मध्ये स्टॅटकास्ट, २०२० पासून हॉकआय. प्रत्येक सामन्यानंतर अंपायरला आपला प्रत्येक निर्णय तपासून मिळतो. कुठला कोपरा चुकतोय, कुठल्या प्रकारच्या चेंडूवर चुकतोय, सगळं. नवी पिढी यावरच घडली आहे. मेजर लीगमध्ये आता साधारण ९४ टक्के निर्णय यंत्राशी जुळतात, आणि जे चुकतात त्यातले बहुतेक कडेपासून इंच-दीड इंचाच्या आत असतात. 'लेफ्टी स्ट्राइक'ही आता जवळजवळ गेला.

आणि माणसाचा डोळा किती दूर जाऊ शकतो याचं उदाहरण म्हणजे २०२२ च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) दुसरा सामना. ह्यूस्टनला प्लेटमागे पॅट होबर्ग होते. स्वतंत्र विश्लेषकांच्या हिशेबाने त्यांनी दिलेले १२९ पैकी १२९ निर्णय बरोबर होते. एकही चूक नाही! मी तो सामना पुन्हा लावून फक्त अंपायरकडे बघत बसलो होतो. डोकं हलत नाही, घाई नाही, प्रत्येक निर्णयाआधी तेवढाच थांबा.

---

सातारकर

म्हणजे ९४ टक्के म्हटलं तरी दीडशेत नऊ चुका झाल्या. त्यातली एक नवव्या इनिंगमध्ये, तीन बॉल दोन स्ट्राइक असताना झाली तर? माझा प्रश्न अजून तोच आहे. यंत्र आहे, मग वापरा.

---

तिसरा_बेस

वापरायला लागले आहेत. एबीएस (ऑटोमेटेड बॉल-स्ट्राइक सिस्टीम) म्हणतात त्याला. २०१९ मध्ये अटलांटिक लीग या स्वतंत्र लीगमध्ये पहिल्यांदा आजमावलं, मग मेजर लीगच्या खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्ये. दोन प्रकार होते. एकात प्रत्येक निर्णय यंत्राचा, अंपायर फक्त कानातल्या यंत्रात ऐकून हात करतो. दुसऱ्यात निर्णय अंपायरचाच, पण खेळाडू आव्हान देऊ शकतात. दक्षिण कोरियाच्या केबीओ लीगने २०२४ पासून पहिला प्रकार सरसकट घेतला, सगळे चेंडू यंत्राकडे. मेजर लीगने दुसरा निवडला. २०२५ मध्ये सरावाच्या सामन्यांत आणि अटलांटाच्या ऑल-स्टार सामन्यात वापरला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ठरलं की २०२६ च्या हंगामापासून लागू करायचा.

आव्हानाचे नियम सुटसुटीत आहेत. प्रत्येक संघाला दोन आव्हानं. बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर मागू शकतो, तेही लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात आपटून. डगआउटमधून (संघ बसतो त्या जागेतून) इशारा चालत नाही. हॉकआयचे १२ कॅमेरे, आणि उत्तर मोठ्या पडद्यावर पंधरा सेकंदांच्या आत.

२०२५ च्या सरावाच्या सामन्यांत निम्म्याहून किंचित जास्त आव्हानं यशस्वी ठरली. यात कॅचर सगळ्यात अचूक होते आणि पिचर सगळ्यात कमी. मला याचं नवल वाटलं नाही. कॅचर अंपायरच्या अगदी पुढ्यातून बघतो. पिचर पंचावन्न फुटांवरून, फेकून तोल सावरताना बघतो.

---

सातारकर

यात 'अंपायर्स कॉल' आहे का? क्रिकेटमध्ये चेंडू यष्टीला निम्म्याहून कमी लागत असेल तर मैदानावरचाच निर्णय कायम राहतो.

---

तिसरा_बेस

नाही. केसाएवढा शिवला तरी स्ट्राइक. तशी सूट ठेवलेली नाही.

---

रानवारा

आणि इथे एक फार महत्त्वाचा बदल झाला आहे, ज्याची चर्चा कमी होते. यंत्राचा झोन म्हणजे पुस्तकातला झोन नव्हे. गोदाकाठ यांनी सांगितलेला पाच बाजूंचा खांब यंत्राने टाकून दिला. मेजर लीगचं एबीएस प्लेटच्या मध्यावर एक सपाट आयत धरतं, १७ इंच रुंद. वरची हद्द खेळाडूच्या उंचीच्या ५३.५ टक्के, खालची २७ टक्के. खेळाडूची उंची बूट काढून मोजतात आणि तीच पुढे कायम. तो किती वाकून उभा राहतो याचा संबंध संपला.

हिशेब करून बघितला. ॲरन जज ६ फूट ७ इंच. त्याचा झोन जमिनीपासून साधारण २१.३ ते ४२.३ इंच. होसे अल्तुवे ५ फूट ६ इंच, त्याचा १७.८ ते ३५.३. म्हणजे जजच्या झोनची खालची कडा अल्तुवेच्या झोनच्या आत साडेतीन इंचांवर येते. जजला वर्षानुवर्षं गुडघ्याखालचे स्ट्राइक का मिळत आले ते यातून कळतं. अंपायरला रोज सरासरी उंचीचे बॅटर बघायची सवय, आणि एकाच माणसासाठी डोळा तेवढा वर उचलायला हवा.

वाकून उभं राहणाऱ्यांची गंमतही गेली. १९५१ मध्ये सेंट लुईस ब्राउन्सच्या बिल व्हीकने ३ फूट ७ इंचांच्या एडी गेडेलला बॅटिंगला पाठवलं होतं. तो खाली वाकून उभा राहिला आणि चार चेंडूंत चार बॉल घेऊन पहिल्या बेसवर गेला. रिकी हेंडरसनचा वाकलेला पवित्रा तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचा झोन एवढासा व्हायचा.

---

अबोली

मग कोरियासारखं सगळंच यंत्राकडे का नको? दोन आव्हानं संपली की तो बॅटर पुन्हा नशिबावर. न्याय मोजून का द्यायचा? आठव्या इनिंगमध्ये आव्हानं संपली असतील तर चुकीचा स्ट्राइक चुकीचाच राहणार.

---

गोदाकाठ

अबोली, तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. तरी मला आव्हानाची पद्धत जास्त पटते, आणि कारण भावनिक नाही.

पहिलं म्हणजे यंत्र एका रेषेवर निर्णय देतं, आणि वर तिसरा_बेस यांनी ज्या कर्व्हबॉलबद्दल लिहिलं तो या सपाट आयताच्या खालच्या कडेला नुसता शिवून जमिनीकडे जाऊ शकतो. तो पिचरचा उत्तम चेंडू होता की नशिबाचा, हे यंत्राला कळत नाही. कोरियात म्हणूनच उंचीसाठी दोन जागी बघतात, प्लेटच्या मध्यावर आणि मागच्या कडेला. म्हणजे 'बरोबर' झोन कुठला हे यंत्र ठरवत नाही, माणसंच ठरवतात. दुसरं, सगळं यंत्राकडे गेलं की कॅचरचं पकडण्याचं कसब एका रात्रीत निरुपयोगी होईल, आणि मला ते या खेळातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. तिसरं, आव्हान कधी वापरायचं हे ठरवण्यासाठी खेळाडूला स्वतःचा झोन माहीत असावा लागतो. ज्याला खरोखर खात्री आहे त्याला दाद मिळते. १९९७ मध्ये अटलांटाकडे हे असतं तर पहिल्या दोन इनिंगमध्येच एरिक ग्रेग यांना बाहेरची कडा आवरावी लागली असती.

तुमचा आठव्या इनिंगचा मुद्दा मात्र खरा आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आव्हानं दोनऐवजी तीन असावीत असं मला वाटतं.

---

अबोली

तीन झाली तरी चालतील. पण मी सगळे चेंडू यंत्राकडेच द्यावेत या मताला चिकटून आहे. :) धाग्यातून खूप कळलं, मनापासून आभार.

---

चिन्मयी_ऑस्टिन

विषय थोडा घरगुती करते. मुलगी तेरा वर्षांची आहे, सॉफ्टबॉल खेळते आणि आता तिला लहान मुलांच्या सामन्यांना अंपायर व्हायचं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जेन पावोल मेजर लीगच्या पहिल्या महिला अंपायर झाल्या, दुसऱ्याच दिवशी अटलांटाला त्या प्लेटमागे होत्या, ते बघून तिने ठरवलं. पालकांच्या ओरड्याची मला काळजी वाटते. आणि लहान मुलांसाठी झोन कुठला धरायचा?

---

गोदाकाठ

चिन्मयी, फार आनंद झाला. तिला नक्की करू द्या. पावोल बाईसुद्धा सॉफ्टबॉलमधूनच आल्या आहेत.

लिटल लीगचा झोन वेगळा आहे: काखेपासून गुडघ्याच्या वरच्या भागापर्यंत, मूल नेहमीच्या पवित्र्यात उभं असताना. अंतर ४६ फूट. मुलांचे चेंडू हळू असतात म्हणून ते सोपं असेल असं वाटतं, पण चेंडू वरून कमानीत पडतो आणि प्लेटवर किती उंचीवर होता हे सांगणं कठीण जातं. तिला सांगा, कडेवरचा चेंडू असेल तर स्ट्राइककडे झुकायचं. या वयात मुलांनी बॅट फिरवायला शिकणं महत्त्वाचं, आणि सगळे बॉल दिले तर कुणीच खेळत नाही, नुसतं चालत बेसवर जातात. पण जो झोन पहिल्या इनिंगमध्ये दिला, तोच शेवटपर्यंत आणि दोन्ही संघांना. लहान मुलंही हे दोन-तीन चेंडूंत ओळखतात आणि त्याप्रमाणे खेळ बदलतात.

सुरुवातीला बेसवर उभी राहू दे, प्लेटमागे नंतर. मास्क तिच्या मापाचा आणि नवा घ्या, छातीचं पॅड आणि पायाचे गार्ड लीगकडून मिळतात का विचारा. घरी सराव करायचा असेल तर ती कॅचरमागे बसून नुसते चेंडू बघू दे, निर्णय न देता, फक्त डोळे ग्लोव्हपर्यंत न्यायची सवय. मग हळूहळू बोलायला लावा: आधी चेंडू पकडल्याचा आवाज, मग एक श्वास, मग निर्णय.

पालकांबद्दल: आमच्या लीगमध्ये बॉल-स्ट्राइकवरून ओरडणाऱ्या पालकाला आधी प्रशिक्षक समजावतो, ते अंपायरचं काम नाही. तुमच्या लीगमध्ये तशी पद्धत आहे का हे हंगाम सुरू होण्याआधी विचारून घ्या. नसेल तर पालकसभेत मांडा, मी आमचं पत्रक पाठवतो.

---

चिन्मयी_ऑस्टिन

पत्रक जरूर पाठवा. शनिवारी मास्क घ्यायला जातोय.